उपासकाळात काय सोडलं आणि काय हाती लागलं? आपापले अनुभव लिहा

वसईची सून

परवाच्या रविवारी चर्चमधली मिस्सा (रविवारची उपासना) सुटल्यावर पोरांना पुठ्ठ्याच्या पेट्या वाटल्या. खाऊचे, रिक्षाचे वाचवलेले पैसे प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीचे चाळीस दिवस, म्हणजेच उपासकाळ) त्यात टाकायचे आणि ईस्टरच्या सुमारास चर्चमध्ये आणून द्यायचे, गरिबांसाठी जातात. धाकट्याने पेटी तिथेच घडी घालून उभी केली आणि विचारलं, तुझ्या आजीकडे होती का अशी? तेव्हापासून आजी डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

आजीकडे पेटी नव्हती. उपासकाळातल्या शुक्रवारी ती मासळी आणायची नाही. चर्चचा नियम मांसापुरता, मासळी चालते. पण आमच्या वसईत मासळी ताटात आली तर उपास कसला, असं तिचं सरळ म्हणणं. वाचलेल्या पैशांचे तांदूळ घ्यायची, भाजीची एखादी जुडी, कधी साबण. संध्याकाळी चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेला (येशूच्या दुःखसहनाची प्रार्थना) जाताना रस्त्यात एक घर लागायचं. नवरा गेलेला, बाई छातीच्या दुखण्याने अंथरुणावर. तिच्या ओट्यावर पुरचुंडी ठेवून आम्ही पुढे. पुरचुंडी माझ्या हातात असायची. ठेवताना आवाज करायचा नाही, कडीला हात लावायचा नाही, कुत्रं भुंकलं तर जागच्या जागी थांबायचं. आतून खोकल्याचा आवाज आला की आजी माझा दंड धरून भराभर चालायला लागायची.

आणि त्या दिवशी ती न चुकता डोक्याला खोबरेल चोपडून वेणी घालायची. राखेच्या बुधवारी (कपाळाला राख लावून उपासकाळ सुरू होतो तो दिवस) दरवर्षी बायबलातल्या मत्तयच्या सहाव्या अध्यायातलं तेच वाचन असतं ना, उपास कराल तेव्हा तोंड उतरवून फिरू नका, डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. आजीला अक्षरओळख नव्हती. जे ऐकलं ते तिने तसंच्या तसं पाळलं.

मी नोकरी सोडल्यावर बराच काळ नुसती घरी होते. रोज जपमाळ करायचे आणि शेवटी एकच मागणं, देवा, माझ्याकडून काय करून घ्यायचंय ते दाखव. काही दिसत नव्हतं. शेजारच्या मुलाला टीबीच्या गोळ्या चालू होत्या. मळमळतं, अंगात ताकद नाही, घरात धड शिजत नाही, असं त्याची आई सांगून गेली होती. एका शुक्रवारी भाताला आधण ठेवलं आणि त्याच्या वाटणीचे तांदूळ पण धुतले. त्याला डबा गेला. आता आम्ही चौघीजणी मिळून रोज डबे करतो. मला माझं काम असं मिळालं. तुमचं? उपास, नोव्हेना (नऊ दिवस किंवा नऊ आठवडे करायची प्रार्थना), रात्रभरची प्रार्थना, मौन, काहीही असो, लिहा. कुठल्याही धर्मातल्यांनी लिहा.

नगरचा बंडू

आमच्याकडे राख नाही, पेटी नाही. आम्ही नगरचे, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले. पण उपास-प्रार्थनेचा दिवस आईचा ठरलेला. सकाळी बायका आमच्या पडवीत जमायच्या, सतरंजी, एक बाजाची पेटी, टाळ. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची पदं म्हणायच्या. चाली भजनाच्याच, त्यामुळे शेजारच्या माळकरी आजी पण येऊन भिंतीला टेकायच्या. दुपार कलल्यावर गुळाच्या चहाने उपास सुटायचा.

आईची एक वही होती. पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे ज्याच्यासाठी प्रार्थना त्याचं नाव, उजवीकडे उत्तर मिळालं ती तारीख. पहिल्या पानावर पहिलं नाव बाबांचं, दारू सुटावी म्हणून. बाबा गेले तोवर उजवीकडची जागा कोरीच. आईने वही बंद केली नाही, दुसऱ्यांची नावं लिहीत राहिली. मी आता व्यसनमुक्तीच्या बैठका घेतो, दर आठवड्याला, दुसऱ्यांच्या बाबांसाठी. हे काम मला त्या पहिल्या ओळीनेच दिलं. वही माझ्याकडे आहे.

वाचनमात्र

बंडूभाऊ, वहीचं वाचून काम थांबवलं. बाकी नंतर लिहितो, साहेब आलेत.

एकादशीवाली

ख्रिश्चन नाही, पण धागा आवडला. एक विचारू? तुमच्या उपासाला काय चालतं? आमच्याकडे एकादशी अन् दुप्पट खाशी! साबुदाणा, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस. माझी आजी मात्र निर्जळी करायची आणि दिवसभर कोणाशी चढ्या आवाजात बोलायची नाही.

आगाशीकर

एकादशीवाली ताई, आमच्यात पदार्थांची यादी नसते. कॅथलिकांना सक्तीचे उपास वर्षात दोनच, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. १८ ते ५९ वयाच्यांनी एकदा पोटभर जेवायचं आणि दोनदा थोडंसं. मांस वर्ज्य १४ वर्षांपासून पुढे. बाकी ज्याने त्याने ठरवायचं. कोणी चहा सोडतं, कोणी गोड, हल्लीची मुलं मोबाईल.

माझे वडील सांगायचे, पूर्वी कम्युनियन (मिस्सातला पवित्र प्रसाद) घ्यायचं तर मध्यरात्रीपासून पोटात काही जायचं नाही. सकाळच्या मिस्साला पोरं घेरी येऊन पडायची. १९५० च्या दशकात पोपनी ते तीन तासांवर आणलं, १९६४ मध्ये एक तासावर. गुड फ्रायडेला आमच्याकडे पेज, मीठ आणि लोणचं. ती पेज मला वर्षभर कुठल्याही दिवशी तशी लागत नाही.

मिरजेची सिस्टर

सिस्टर म्हणजे नर्स, नन नाही. सगळ्यांना हात जोडून सांगणं, इन्सुलिन घेणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी, बाळंतिणींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नका. चर्च आजाऱ्यांना सूट देतं, फादरांना किंवा पाळकांना विचारा, तेच सांगतील. साखर कमी होऊन आलेले पेशंट मी या दिवसांत पाहिलेत, दातखिळी बसलेले.

माझं प्रशिक्षण मिरजेच्या मिशन दवाखान्यात झालं, १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी सुरू केलेलं ते. ऑपरेशनच्या आधी तिथे प्रार्थना व्हायची. गावाकडच्या एका आजोबांनी भूल देण्याआधी माझा हात धरून विचारलं, पोरी, तुझ्या देवाला माझं नाव सांगितलंस का? मी परत एकदा नाव घेऊन प्रार्थना केली. त्याआधी नर्सिंग म्हणजे पगार होता, घरी पैसे पाठवायचे होते. त्या दिवसापासून प्रत्येक पेशंटचं पूर्ण नाव पाठ करते. बेड नंबरने हाक मारत नाही.

ठाण्याची रोझी

राखेचा बुधवार २०१८ ला १४ फेब्रुवारीला आला होता, २०२४ ला पण. माझा नवरा हिंदू, त्याने गुलाब आणि केक आणला आणि मी कपाळाला राख लावून दारात! त्याने केक फ्रिजमध्ये ठेवला आणि म्हणाला, मग मी पण आज एकदाच जेवतो. तेव्हापासून तो दरवर्षी माझ्याबरोबर तो दिवस पाळतो. २०२९ ला परत १४ तारखेलाच आहे, त्याने आत्ताच कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.

एकादशीवाली

रोझी 😄 असा नवरा सगळ्यांना मिळो.

भेंडीबाजार ते बेलापूर

२०२५ ला रमझान २ मार्चला सुरू झाला आणि राखेचा बुधवार ५ मार्चला. ऑफिसात मी रोजा, समोरच्या टेबलावर वसईचा मित्र उपास. दुपारी सगळे डबे उघडायचे तेव्हा आम्ही दोघं खाली चक्कर मारायला जायचो. तो पहिल्यांदाच नीट विचारायला लागला, तू पहाटे उठून काय मागतोस? वर्षानुवर्षं शेजारी बसतो, हे कधी बोललोच नव्हतो. इफ्तारला तो घरी आला, आईने त्याच्यासाठी बिनमटणाचं वेगळं केलं.

माहीमचा बुधवार

आमचा कारखाना बंद झाला, हिशोब अर्धा मिळाला. माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बुधवारी नित्य सहाय्य मातेचा (मरिया मातेचा) नोव्हेना होतो, १९४८ पासून चालू आहे. रांगेत हिंदू, मुसलमान, पारशी सगळे. मी नऊ बुधवार धरले, नोकरीसाठी. बाहेर मेणाच्या वस्तू विकतात, ज्याला घर हवं तो मेणाचं घर घेतो, पाय दुखतो तो पाय. नोकरीसाठी काय घ्यायचं मला कळेना, साधी मेणबत्ती घेतली.

आत लोकांची आभाराची पत्रं वाचून दाखवतात. एका बाईचं पत्र होतं, मुलगा परत आला म्हणून. नोव्हेना संपला तरी नोकरी नव्हती. पण तोवर रांगेतल्या म्हाताऱ्यांना हात धरून आत नेणं, पाणी देणं हे अंगवळणी पडलं होतं. पुढे नोकरी लागली, साधीच, वॉचमनची. बुधवारची सुट्टी मागून घेतली. अजून जातो. मागायला आता फारसं काही नसतं, माणसं आत न्यायची असतात.

औंधचा फौजी

निवृत्तीआधी मिझोराममध्ये ऐझॉलला पोस्टिंग होतं. तिथे मिझो घरात बाई भात शिजवताना दर वेळी एक मूठ तांदूळ बाजूच्या डब्यात टाकते. बुहफाय थाम म्हणतात. मग चर्चच्या बायका घरोघर फिरून ते गोळा करतात, विकतात, त्या पैशांवर प्रचारक आणि गरिबांची कामं चालतात. १९१० च्या सुमारास सुरू झालं, अजून चालू आहे. त्यांच्या चर्चचा मोठा खर्च या मुठीतून निघतो. आमच्या घरमालकिणीकडे वर्षाअखेर तांदूळ संपत आले तरी मूठ चुकली नाही. मी पुण्याला आल्यावर बायकोला सांगितलं, आता आमच्या ओट्यावर पण एक स्टीलचा डबा आहे. आम्ही विठ्ठलाचे, आमचा डबा आषाढीला दिंडीच्या पंगतीत जातो.

वसईची सून

फौजी काका, हे आमच्या चौघींना आजच सांगते!! डब्यांचा तांदूळ असाच जमवता येईल, वाडीत पन्नासेक घरं आहेत.

केडगावची नात

आमची पणजी पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली. १८९६-९७ च्या दुष्काळात बाईंनी मध्य प्रांतातून ज्या मुली आणल्या त्यातली. १९०५ साली तिथे मुलींचं प्रार्थनेचं मोठं जागरण झालं, शेकडो मुली एकत्र प्रार्थना करायच्या, रडायच्या, रात्र रात्र. पणजी ते सांगायची, पण त्याच्यापेक्षा जास्त वेळ छापखान्याबद्दल बोलायची. बाईंनी बायबलचं भाषांतर केलं तेव्हा मुली खिळे जुळवायच्या, तीही त्यातच. बोटं शाईने कायमची काळसर झाली होती म्हणे. बाई १९२२ ला गेल्या, तोवर भाषांतराचं काम त्यांनी हातावेगळं केलं होतं. पणजीला कोणी विचारलं की देवाने तुला काय दिलं, तर ती बोटं पुढे करायची. मी डीटीपी करते, घरातला धंदाच म्हणा.

मडगावहून

वेगळाच विषय, पण आठवलं. पवित्र गुरुवारच्या (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशीच्या) ग्लोरिया या स्तुतिगीतानंतर चर्चची घंटा बंद होते ती ईस्टरच्या रात्रीपर्यंत. मधल्या वेळात लाकडी मात्राक वाजवतात, खट खट खट. लहानपणी ती वाजवायला मिळावी म्हणून आम्ही भांडायचो. आणि गोवा वेल्हाची संतांची मिरवणूक पाहिली नसेल तर जरूर या, झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीचा रविवार) आधीच्या सोमवारी असते. संतांचे पुतळे खांद्यावर घेऊन निघतात. जवळपास राहायची सोय हवी असेल तर विचारा.

निनावी

सगळ्यांचं वाचलं. माझं उलट आहे. बायकोला कॅन्सर होता. मी उपास केले, नोव्हेना केला, आमच्या प्रार्थनागटाने रात्री जागवल्या. ती गेली. कोणीतरी अंत्यविधीलाच म्हणालं, विश्वास कमी पडला. तेव्हापासून तोंडातून प्रार्थना येत नाही. पवित्र गुरुवारी रात्री आराधनेला जातो फक्त, मागच्या बाकावर बसतो. उद्देश वगैरे मला माहीत नाही.

मिरजेची सिस्टर

दादा, ज्याने तसं म्हटलं त्याने फार वाईट केलं. पूर्ण विश्वासाने गेलेली माणसं मी कितीतरी पाहिलीत. तुमचा विश्वास कमी नव्हता. जेवता ना वेळेवर?

केडगावची नात

८८ वं स्तोत्र काढा कधी जमलं तर. बहुतेक स्तोत्रांत रडगाणं असलं तरी शेवटी उजेड येतो, यात येत नाही, अंधारावरच संपतं. तरी बायबलात ठेवलंय. मला एका वर्षी तेवढंच म्हणता येत होतं.

नगरचा बंडू

नाव सांगायचं नसेल तर नका सांगू. तुमच्यासाठी वहीत डावीकडे "गुरुवारचे दादा" असं लिहितोय.

निनावी

लिहा. तिचं नाव पण लिहा, मार्था. जेवतो सिस्टर, मुलगी डबा पाठवते.

वाचनमात्र

परत आलो. आमच्या बिल्डिंगमध्ये एक आजोबा एकटे असतात, टीबीचेच पेशंट. वसईची सून ताई, तुमच्याकडून डबा मिळेल का? मी नालासोपाऱ्याला राहतो, आणायला येईन. पैसे देतो.

वसईची सून

पैसे नकोत. त्यांना तिखट चालतं का, दात आहेत का, ते विचारून ठेवा. निरोप पाठवते, सकाळी अकराच्या आत या, नंतर डबे निघून जातात. आणि रिकामा डबा घासून परत आणा हां, आमच्याकडे डबे कमी पडतात.