फोनला फोन लावून बिटकॉइन घेते, पण पाहुणा माझाच हिशेब मला वाचून दाखवतो

हरमलची_बाय
घरामागच्या भाटात चार खोल्या आहेत, हंगामात भाड्याने देते. दोन वर्षांमागे एका पाहुण्याने माझ्या फोनात बिटकॉइनचं वॉलेट, म्हणजे ते पैसे घेण्या-देण्याचं ॲप, घालून दिलं. काम सोपं: मी रक्कम टाकायची, दोन्ही फोन पाठीला पाठ लावायचे, झालं. एकदा तर एका पोराकडे इथलं सिमच नव्हतं. त्याच्या फोनने ब्लूटूथवरून व्यवहार माझ्या फोनला दिला आणि माझ्या नेटवरून तो पुढे गेला. मला तर चमत्कारच वाटला.

मग मला आळस चढला. पाहुणा आला की हातातलं पीठ धुवून फोन शोधा, कोण करणार? एनएफसीचा, म्हणजे फोन टेकवला की वाचला जाणारा स्टिकर आणला, त्यावर माझा एकच बिटकॉइनचा पत्ता (खाते क्रमांकासारखा) लिहून घेतला आणि व्हरांड्यातल्या टेबलाला चिकटवला. या डिसेंबरात आलेला पाहुणा त्याला फोन लावतो, पाच मिनिटं बोट फिरवतो आणि मला म्हणतो, "जुलैत याच खोलीचे निम्मे घेतलेत की!" अरे बाबा, जुलैत इथे पाऊस आणि बेडूक, दुसरं कोण असतं? वर माझी शिल्लक किती तेही सांगितलं. ती घरच्यांनाही ठाऊक नव्हती.

हे वाऱ्यावरून कोणी चोरतं का? सगळं बंद करून टाकू?

म्हापशाचा_मोबाइलवाला
ताई, वाऱ्याचा दोष नाही. एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं, चार-पाच सेंटिमीटरच्या पुढे त्याचा जीव नाही. घोळ स्टिकरचा. बिटकॉइनची वही २००९पासून सगळ्यांना उघडी आहे. पत्ता कळला की त्यावर काय आलं, काय गेलं, ते कोणीही बघतं. तुम्ही पत्ताच टेबलावर चिकटवलात, म्हणजे पासबुक दारात टांगलंत.

वॉलेट दर वेळी नवा पत्ता देतं, तो नवाच द्या. आणि स्टिकर लॉक केला होता का? नसेल तर येणारा-जाणारा त्यावर स्वतःचा पत्ता लिहून जाईल, भाडं त्याच्या खिशात. पासबुकापेक्षा मला याचीच जास्त भीती वाटते.

ब्लूटूथ मात्र एनएफसीसारखं नाही, ते शेजारच्या खोलीपर्यंत पोचतं. फोनला तुमचंच नाव दिलं असेल तर बदला, काम झालं की बंद करा.

पणजी_हिशेबनीस
शेजाऱ्यापासून लपवा, आयकरापासून नाही. ज्या दिवशी भाडं आलं त्या दिवसाच्या भावाने रुपयांत लिहून ठेवा. पुढे विकून नफा झाला तर ३० टक्के कर, एप्रिल २०२२पासून. तोटा झाला तर तो दुसऱ्या कमाईतून वजा होत नाही. विकताना एक टक्का टीडीएस कापतात, तो याच करात धरतात. आणि परदेशी पाहुणा उतरल्याची खबर सरकारला देणारा फॉर्म (जुन्या नावाने सी फॉर्म) चोवीस तासांत भरता ना? ते आधी.

मांद्र्याचा_पाववाला
लाइटनिंग घ्या, बिटकॉइनच झटपट देण्या-घेण्याची सोय आहे ती. दर वेळी नवं बिल बनतं, पैसे क्षणात येतात, प्रत्येक व्यवहार उघड्या वहीत चढत नाही. साध्या बिटकॉइनला ब्लॉक, म्हणजे वहीचं पुढचं पान, यायला सरासरी दहा मिनिटं, तोवर माझे पाव थंड. पण वॉलेट कंपनीच्या ताब्यातलं असेल तर पाहुण्याऐवजी कंपनी सगळं बघते, हे धरून चला.

हरमलची_बाय
सी फॉर्म भरते हो, दादा. स्टिकर लॉक नव्हताच! खोबरेल लावून खरवडून काढला. पत्ता अजून माझाच होता, देवाची कृपा. आता पीठाचे हात धुवायची तयारी आहे.

जुन्या पत्त्यावरचे पैसे नव्यात घेऊ का? म्हणजे ते जुनं पासबुक पुसलं जाईल?

म्हापशाचा_मोबाइलवाला
पुसलं काहीच जात नाही. उलट नव्या पत्त्यावरच्या पैशांत मिसळलेत तर जो जुना ओळखतो त्याला नवाही कळेल. जुने आहेत तिथेच राहू द्या. विकायचे झाले तर ते वेगळे विका, एकत्र खर्चू नका.

हरमलची_बाय
बरं. पाहुणा शनिवारपर्यंत आहे. जुलैचा दर हवा असेल तर जुलैत ये म्हणून सांगितलंय.