मदत हवी आहे : मेसचं पार्सल आणि शाम्पूच्या पुड्या

नमस्कार. मी पुण्यात सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते, एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरून येणाऱ्या पैशांत भाडं आणि मेस भागवून हाताशी फारसं काही उरत नाही.

राज्यात प्लॅस्टिकबंदी 2018 पासून आहे, तरी रोज रात्री मेसच्या पार्सलमधून वरण, भाजी, कोशिंबीर अशा तीन पातळ पिशव्या खोलीवर येतात. कढत वरणाने पिशवी मऊ पडते, रबर काढताना बोटं भाजतात. तेच वरण आपण खातो, याची मला खरंच भीती वाटते. स्टीलचा डबा नेला तर काका म्हणाले, "ताई, गर्दीत डब्याचं माप कळत नाही." आईच्या जुन्या साडीच्या पिशव्या शिवल्या, त्यामुळे बाजारातून भाजी आणायचं निभावतं.

दुसरी अडचण शाम्पूच्या पुड्यांची. मोठी बाटली परवडते शेवटी, पण एकदम तेवढे पैसे काढणं जमत नाही. शिकेकाईने केस कोरडे झाले.

मेसवाल्यांना डब्यासाठी कुणी राजी केलंय का? कसं? पेठांत शाम्पू, भांड्याचा साबण सुटा भरून देणारं दुकान माहीत असेल तर कृपया सांगा.