पिकअप ट्रकसाठी ट्रेलर हिच: क्लास ३ की क्लास ४?

मालवाहू:
दोन ॲक्सलचा उघडा ट्रेलर घेतला असून त्यावर खोदकामाचे छोटे यंत्र न्यायचे आहे. यंत्रासह वजन २,६०० किलो भरते. माझ्या पिकअपच्या पुस्तिकेत ओढण्याची कमाल मर्यादा ३,००० किलो आणि बॉलवर (ट्रेलर ज्या गोळ्यावर जोडतात त्यावर) येणाऱ्या उभ्या भाराची मर्यादा ३०० किलो दिली आहे. २ इंची रिसिव्हरमध्ये (ट्रकच्या मागे बसणाऱ्या चौकोनी नळीत) क्लास ३ घ्यावा की क्लास ४ (क्लास म्हणजे हिचच्या ताकदीची श्रेणी), आणि बॉल माउंट (त्या नळीत बसणारा, बॉल धरणारा दांडा) एकाच उंचीचा असावा की खालीवर करता येणारा, हे ठरत नाही. हौद्यात अवजारांची पेटी कायमची बसवलेली आहे, त्यामुळे हौदा मोकळा करता येणार नाही. सगळा खर्च ट्रेलरच्या किमतीच्या एक दशांशात बसवायचा आहे.

चाकधर:
एवढे वजन ओढायचे असेल, तर फिफ्थ व्हीलशिवाय (ट्रकच्या हौद्यात बसणाऱ्या जोडणीशिवाय) दुसरे काही घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. भार मागच्या ॲक्सलवर येतो, त्यामुळे ट्रेलर झोके घेत नाही. माझ्या गाडीला ती बसवल्यापासून शेजारून कितीही मोठा कंटेनर गेला तरी स्टेअरिंगला कळतसुद्धा नाही. खर्च थोडा वाढेल, पण अशा बाबतीत हात आखडता घेऊ नये.

सातपिनी:
हौदा मोकळा करता येणार नाही, हे धागाकर्त्यांनी लिहिले आहे. शिवाय त्यांच्या ट्रेलरला बॉलचा कपलर (बॉलवर बसणारी वाटी) असणार, किंगपिन (फिफ्थ व्हीलमध्ये अडकणारी खीळ) नव्हे. मग आता ट्रेलरही बदलायचा का?

उतारकरी:
हिचच्या क्लासवर फार विसंबू नका. माझ्याकडे क्लास ५ आहे, तरीही ट्रेलर उलार होऊन उतारावर शेपटासारखा हलू लागला होता. भाड्याने आणलेले यंत्र चढवणाऱ्या माणसाने ते मागच्या फळीला टेकवून उभे केले होते आणि साखळ्या आवळून तो निघून गेला होता. आरशात ट्रेलरची एकदा डावी आणि एकदा उजवी बाजू दिसत होती. अशा वेळी ट्रकचा ब्रेक दाबला तर ट्रेलर मागून अधिकच रेटतो, म्हणून ॲक्सिलरेटर सोडला, स्टेअरिंग सरळ धरले आणि ट्रेलरच्या ब्रेक कंट्रोलरची कळ हाताने दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावले, तेव्हा तो रांगेत आला. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार बॉलवर यायलाच हवा.

सातपिनी:
या हिशेबाने धागाकर्त्यांना २६० ते ३९० किलो भार लागेल, पण त्यांचा ट्रक ३०० किलोच सोसतो, म्हणजे हातात फक्त २६० ते ३०० किलोंची पट्टी उरते. यंत्र थोडे पुढेमागे झाले तरी ती ओलांडली जाते, म्हणून भार मोजूनच घ्यावा. घरगुती वजनकाट्यावर एवढा भार थेट टेकवता येत नाही. त्यासाठी एक मजबूत फळी घेऊन तिचे एक टोक काट्यावर आणि दुसरे तेवढ्याच उंचीच्या ठोकळ्यावर ठेवावे, फळीसकट काटा शून्यावर आणावा आणि ट्रेलरची दांडी ठोकळ्यापासून एक तृतीयांश अंतरावर टेकवावी. काट्यावरच्या आकड्याची तिप्पट म्हणजे बॉलवरचा भार.
क्लास ४ घेतल्याने ट्रकची ताकद वाढत नाही. ट्रक, रिसिव्हर, माउंट, बॉल आणि कपलर यांपैकी ज्याचा आकडा सर्वांत लहान, तीच आपली मर्यादा. तरीही क्लास ४ आणि खालीवर होणारा माउंट घ्यावा, असे मी सुचवेन, कारण पुढे ट्रेलर बदलला तर पुन्हा खर्च होणार नाही.

ग्रीसवाला:
बॉलला ग्रीस लावण्याविषयी कोणीच बोललेले नाही. कोरडा बॉल कपलरला खातो.

चाकधर:
ग्रीसवर धूळ बसते आणि ती पॉलिशपेपरसारखी घासत राहते. फिफ्थ व्हीलला प्लास्टिकची चकती घातली की हा प्रश्नच येत नाही.

नवाचालक:
वर कोणी लिहिलेले दिसले नाही म्हणून सांगतो, बॉलवर १० ते १५ टक्के भार असावा. माझेही मत क्लास ४ लाच आहे.

उतारकरी:
क्लास ४ ला माझाही पाठिंबा आहे. कपलरवर बॉलचा आकार कोरलेला असतो, तो मात्र आधी वाचा. २ ५/१६ इंची कपलरमध्ये २ इंची बॉल जातो, कुलूपही लागल्यासारखे वाटते आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात कपलर वर उचलला जातो. साखळ्या कपलरच्या खालून एकमेकींना छेदून लावाव्यात, म्हणजे तो सुटलाच तर दांडी रस्त्यात रुतण्याऐवजी साखळ्यांच्या झोळीत पडते.

मालवाहू:
सर्वांचे आभार. मी क्लास ३ चा रिसिव्हर आणि एकाच उंचीचा माउंट घेतला आहे. रिसिव्हरच्या पट्टीवर ३,६२९ किलो ओढण्याची आणि ३६३ किलो उभ्या भाराची मर्यादा लिहिली आहे, ती माझ्या ट्रकपेक्षा जास्तच आहे. बॉलवरचा भार आणि हौद्यातली पेटी ही दोन्ही ट्रकच्या वहनक्षमतेतून वजा होतात, त्यामुळे वापरात न येणारे जड लोखंड मागे टांगण्यात मला अर्थ दिसला नाही. ट्रेलर सपाट उभा करून मोजले तेव्हा कपलरची खालची कड जमिनीपासून १७ इंचांवर आणि रिसिव्हरच्या तोंडाची आतली वरची कड २१ इंचांवर आली, म्हणून ४ इंच खाली उतरणारा माउंट निवडला. दुसरा ट्रेलर घेण्याचा विचार नाही. वाचलेल्या पैशांतून ७ पिनांची विजेची जोडणी आणि ब्रेक कंट्रोलर घेतला, कारण ४ पिनांच्या जोडणीवर फक्त दिवे चालतात.

सातपिनी:
क्लास ४ बद्दलचे माझे मत कायम आहे. निदान यंत्र भरल्यावर ट्रेलर सपाट राहतो का, ते पुन्हा मोजा. ट्रकचा मागचा भाग दबला, की ट्रेलरच्या पुढच्या ॲक्सलवर जास्त भार येतो.

ग्रीसवाला:
आणि ग्रीसचे काय ठरले?

मालवाहू:
कपलरच्या पुस्तिकेत लावायला सांगितले आहे, म्हणून लावतो आहे.