डिस्क फुल्ल असताना फाइल कापायलाही जागा लागते, हे पटतं का?

रात्रपाळी:
काल पहाटे बीटीआरएफएस फाइल सिस्टिमवाला सर्व्हर भरला, ४० जीबीची लॉग फाइल ट्रंकेट करायला (कापून रिकामी करायला) गेलो तर म्हणे "नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस". अरे बाबा मी जागा सोडतोय, मागत नाहीये! खोली सोडणाऱ्याकडूनच डिपॉझिट मागावं तसलं. वर डीएफ (मोकळी जागा सांगणारी कमांड) ९ जीबी मोकळे दाखवतंय. माझ्या मते हे डिझाइनच गंडलंय.

खटपट्या:
गंडलेलं काही नाही. कॉपी ऑन राइट म्हणजे जुन्या ब्लॉकवर गिरवायचं नाही, त्यामुळे फाइल कापली तरी मेटाडेटाचं (कुठली फाइल कुठे आहे त्या नोंदींचं) झाड पानापासून मुळापर्यंत नव्या जागी लिहावं लागतं आणि ते झाल्यावरच जुने ब्लॉक सुटतात. मधेच लाइट गेली तरी जुनं झाड शाबूत, ते काय फुकट मिळणार? तुझे ९ जीबी डेटासाठी राखलेल्या चंकमधे (डिस्कच्या मोठ्या तुकड्यांमधे) अडकलेत, मेटाडेटाला नवा चंक घ्यायला जागाच उरली नसणार. बीटीआरएफएसची यूसेज कमांड चालवून बघ आधी.

जुनं_खोड:
म्हणून आम्ही एक्स्ट४ ही जुनी फाइल सिस्टिम सोडत नाही. बिटमॅप (कुठला ब्लॉक मोकळा याचा तक्ता) जागच्या जागी बदलतो, जर्नल (बदलांची नोंदवही) आधीच राखलेलं, रूट म्हणजे अ‍ॅडमिनसाठी ५ टक्के वेगळे. ट्रंकेट कधी अडलं नाही.

खटपट्या:
@जुनं_खोड तिथेही सुटलेले ब्लॉक जर्नल कमिट (पक्कं) होईपर्यंत दुसऱ्याला देत नाहीत, साधारण ५ सेकंद. तत्त्व तेच, तुमच्याकडे फक्त जाणवत नाही.

चहा_बिस्कीट:
मला उलटीच भीती. ट्रंकेट अडलं तर निदान डेटा तरी राहतो. आमच्याकडे एका प्रोग्रॅमने कॉन्फिग सेव्ह करताना आधी फाइल शून्य केली, ते झालं व्यवस्थित, मग लिहायला गेला तोवर सुटलेला ब्लॉक दुसऱ्या प्रोसेसने खाल्ला. शून्य बाइटची फाइल घेऊन बसलो. टेम्प फाइलमधे लिहून रिनेम करा रे.

रात्रपाळी:
पण टेम्पलाही जागा लागतेच ना?

चहा_बिस्कीट:
लागू दे की. एरर येईल, जुनी फाइल तर हातात राहील.

खटपट्या:
@रात्रपाळी एक राहिलं, त्या सबव्हॉल्यूमचे (फाइल सिस्टिमच्या त्या भागाचे) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रती, घेतोस का? जुने ब्लॉक त्या धरून ठेवतात, मग कापूनही शेवटच्या स्नॅपशॉटनंतर लिहिलेलं तेवढंच सुटेल.

रात्रपाळी:
रोज घेतो. ३० दिवसांचे आहेत. थांबा, बघून येतो.