मदत हवी आहे : शासकीय विधी महाविद्यालय, मुंबई – पाच वर्षांचा अभ्यासक्रम की तीन वर्षांचा?

नमस्कार. माझी भाची यंदा साताऱ्याहून मराठी माध्यमातून बारावी उत्तीर्ण झाली असून तिला चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयातच शिकायचे आहे. १८५५ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९३५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्याचे प्राचार्य झाले, त्या संस्थेविषयी तिच्या मनात फार आदर आहे, आणि तो मला रास्त वाटतो.

प्रश्न अभ्यासक्रमाचा आहे. बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या बी.एल.एस.-एल.एल.बी.साठी आताच सीईटी द्यावी, की आधी इतिहास किंवा अर्थशास्त्रात पदवी घेऊन मग तीन वर्षांच्या एल.एल.बी.कडे वळावे? दुसऱ्या मार्गाला एक वर्ष अधिक लागते, पण एखाद्या विषयाचा पाया पक्का होतो, असे माझे मत आहे. तिला मात्र दिवाणी वकिलीच करायची असल्याने ती थांबायला तयार नाही.

येथे शिकलेल्यांनी कृपया सांगावे की मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतील निवाडे वाचण्याची सवय किती काळात होते, उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येतात का, आणि वर्ग सांभाळून उच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकिलांकडे उमेदवारी करणे शक्य होते का. मुलींच्या वसतिगृहाविषयीची माहितीही हवी आहे.