मदत हवी आहे: सासूबाई हेपटायटिस बीची टेस्ट करत नाहीत

रानजाई:
धाकट्या दिराला हेप-बी निघालंय. डॉक्टर म्हणाले, घरातल्या सगळ्यांची टेस्ट करा. सासूबाई ढिम्म. वर म्हणतात, कुठे बोलू नकोस. कसं पटवू? शनिवारी सगळे जमणार आहेत, लवकर सांगा.

खडूस_काका:
कावीळ ना? आमच्या पेणजवळ एक जण माळ देतो. तेल-तिखट बंद, खात्रीशीर उतरते.

लॅबवाली:
काका, उतरते ती बहुतेकदा हेपटायटिस ए नाहीतर ई, आपोआप बरी होणारी. श्रेय माळेला! बी वर्षानुवर्षं लिव्हरमध्ये बसतो, डोळे पिवळे न करता.
रानजाई, राहता कुठे? सासूबाईंचं वय? लस?

रानजाई:
फ्लशिंग, न्यूयॉर्क. सासर चिनी, फूजियानचं. सासूबाई ६४. त्यांच्या काळात कुठली लस!

लॅबवाली:
हे आधी सांगा की! चीनमध्ये बाळांना ही लस १९९२ पासून, पूर्ण फुकट २००५ पासून. त्याआधीच्या पिढीत हा विषाणू आईकडून बाळाला जायचा. रक्ताच्या तीन टेस्ट एकदम करा: एचबीएसएजी (विषाणू आत्ता आहे का), अँटी-एचबीएस (संरक्षण आहे का), टोटल अँटी-एचबीसी (कधी लागण झाली होती का). २०२३ पासून सीडीसी, म्हणजे अमेरिकेची सरकारी आरोग्य संस्था, १८ वर्षांवरच्या सगळ्यांनाच एकदा करायला सांगते, तेच त्यांना सांगा.

शांघाय_रिटर्न:
सीडीसीने काही होणार नाही. भीती रोगाची नाही, लोकांची आहे. चीनमध्ये हेप-बी निघाला की नोकरी हुकायची. २०१० मध्ये सरकारने नोकरीच्या आणि प्रवेशाच्या तपासणीतून ही टेस्ट काढायला लावली. त्यांची भाषा बोलणाऱ्या डॉक्टरकडे न्या. फ्लशिंगला चार्ल्स बी. वांग आरोग्य केंद्राची शाखा आहे.

मीठभाकरी:
आधी दिराचं ताट वेगळं करा. चॉपस्टिकने एकाच भांड्यातलं खातात सगळे.

लॅबवाली:
अजिबात नको! उष्ट्याने होत नाही. रक्त, शरीरसंबंध, बाळंतपण यांतून होतो. रेझर, टूथब्रश वेगळे ठेवा, बास. दिराचं ताट वेगळं झालेलं बघितलं तर सासूबाई जन्मात टेस्ट करणार नाहीत.
नवऱ्याचं काय निघालं?

रानजाई:
त्याची कशाला, तो ठणठणीत आहे. मला पाचवा महिना चालू आहे, माझ्या सगळ्या टेस्ट झाल्यात. प्रश्न सासूबाईंचा आहे.

लॅबवाली:
अहो!! भाऊ पॉझिटिव्ह, आई एकच. नवऱ्याची उद्याच करा. तुमच्या रिपोर्टात अँटी-एचबीएस आहे का बघा. नसेल तर डॉक्टरांना लसीचं विचारा, गरोदरपणातही घेता येते.

शांघाय_रिटर्न:
'नातवंडाच्या डॉक्टरांनी मागितलीय' म्हणा, सासूबाई निमूट जातील.

लॅबवाली:
खोटं कशाला? नवऱ्याला बोलू दे आईशी.

खडूस_काका:
उसाचा रस तरी चालेल ना?