मदत हवी आहे: अंदमानात जपानी काळातल्या जागा कशा बघायच्या?

डिसेंबरात आई-बाबांना घेऊन अंदमानला चाललोय. टूरवाल्याने पाठवलेल्या कार्यक्रमात हॅवलॉक बेटाच्या नावापुढे एवढंच आहे: 'राधानगर बीच, सूर्यास्त, फोटोसाठी वेळ'. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून अंदमान जपानच्या ताब्यात होतं. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान्यांनी शेकडो माणसं बोटीतून नेऊन याच बेटाजवळ समुद्रात ढकलली; बहुतेक बुडाली, किनाऱ्याला लागलेल्यांतले बरेच उपासमारीने गेले. माहितीपत्रकात यावर एक ओळ नाही.

सेल्युलर जेलमध्ये सावरकरांची कोठडी बघायला आपण सगळेच जातो, जायलाच हवं. पण त्याच जेलमध्ये जपान्यांनी डॉ. दिवाण सिंगांना (पोर्ट ब्लेअरमधले डॉक्टर आणि पंजाबी कवी) हाल हाल करून १९४४ मध्ये मारलं, हे मला परवापर्यंत ठाऊक नव्हतं. (शाळेत जपानी म्हणजे नेताजींचे मित्र, विषय संपला!)

पोर्ट ब्लेअरजवळच्या हम्फ्रीगंजला ३० जानेवारी १९४४ रोजी जपान्यांनी हेर ठरवून ४४ जणांना गोळ्या घातल्या. तिथे स्मारक आहे म्हणे. वंडूरच्या वाटेवर गाडी थांबवून बघता येईल का? बाबांचे गुडघे दुखतात, फार चालावं लागतं का? आणि हॅवलॉकवर त्या माणसांच्या नावाचा एखादा दगड, पाटी कुणी पाहिलीय का? टूरवाला म्हणतो, "साहेब, तिकडे बघण्यासारखं काही नाही."